धुराडे, चिमणी आणि मोहरीचा आवाज

'चिमणी' या एका शब्दाने मराठीत किती घरे केली आहेत, हे एकदा मोजून पाहण्याजोगे आहे. अंगणातली चिमणी ती पहिली. रॉकेलच्या कंदिलाची काच ती दुसरी. त्या काचेवाचून जळणारी, पत्र्याच्या डबीत वात घातलेली धुरकट दिवटी ती तिसरी. गिरणगावच्या आकाशात उभी असलेली ती चौथी. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शहरी स्वयंपाकघरात ओट्याच्या वर भिंतीला टांगली गेलेली पोलादी पेटी ती पाचवी. पक्ष्याचे नाव आपले. गिरणीच्या आणि ओट्यावरच्या चिमणीमागे मात्र इंग्रजी शब्द उभा आहे. त्याचे मूळ शोधीत गेले तर फ्रेंचमधून लॅटिनपर्यंत जाता येते, आणि तिथे त्याचा अर्थ 'शेकोटी असलेली खोली' असा लागतो. म्हणजे आधी खोली, मग शेकोटी, मग शेकोटीवरची नळी, आणि सरतेशेवटी मुंबई-पुण्याच्या सदनिकेत, नळी असली-नसली तरी चिमणीच म्हणवणारी मोटारीची पेटी.

या पाचव्या चिमणीविषयी मराठीत जाहिराती पुष्कळ आहेत, लेखन जवळजवळ नाही. गिरणीचा भोंगा आपल्या कवितेत आला, कादंबरीत आला, त्यावर प्रबंधही लिहिले गेले. ओट्यावरच्या पंख्याचा आवाज मात्र आजवर 'कटकट' या सदरातच राहिला. तो आवाज ज्यांच्या डोक्याशी दीड-दोन फुटांवर रोज तासन्‌तास चालतो, त्यांनी तो सहन केला किंवा बटण बंद केले, एवढाच त्याचा इतिहास समजला जातो. आमचे म्हणणे असे की या आवाजाला खराखुरा इतिहास आहे आणि तो बराचसा मोटारीच्या बाहेरचा आहे. धूर पूर्वी उंचीने जात असे. ती उंची घरातून गेली, तिच्या जागी मोटार आली, आणि मोटारीला वारा सोडायला पुरेसे भोक मात्र कोणी ठेवले नाही. आपण ऐकतो तो घोंघाट मुख्यतः या तिसऱ्या गोष्टीचा आहे.

प्रथम उंचीविषयी. जुन्या वाड्यातल्या किंवा कोकणातल्या कौलारू घरातल्या स्वयंपाकघराचे कौतुक करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. तिथला धूर डोळे घालवणारा होता, आणि फुंकणी घेऊन चुलीपुढे बसणारीच्या छातीत तो आयुष्यभर साठत असे. पण त्या धुराला जाण्याची रीत होती. आढ्याकडे चढत जाणारे छप्पर, कौलांमधल्या फटी, भिंतीतले गवाक्ष, क्वचित बांधून काढलेले धुराडे, या वाटांनी तो हळूहळू वर जाई. जाता जाता तो वाशांवर काजळी धरी, आढ्याला टांगलेली लसणाची जुडी नि बियाण्याची कणसे किडीपासून राखी. या सगळ्या व्यवहारात आवाज नव्हता. लाकूड तडकले तर ऐकू येई, भाताला आधण आले तर ऐकू येई. धूर निमूटपणे जाई किंवा निमूटपणे राही.

तो वर का जातो याचे उत्तर शाळेच्या पुस्तकातले आहे. तापलेली हवा हलकी असते. धुराड्यातली हवा शंभर अंशांची आणि बाहेरची तीस अंशांची धरली, तर दहा मीटर उंच धुराड्याला जी ओढ मिळते ती सुमारे वीस पास्कल, म्हणजे पाण्याची पातळी दोन मिलिमीटर हलवण्याइतकी. तीन मीटर उंचीच्या नळीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही नीट मिळत नाही. 'ओढ' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. बळ क्षुल्लक असते, पण ते अखंड असते आणि त्याला कशाचेही फिरणे लागत नाही. म्हणून धुराड्याचे शास्त्र हे शेवटी उंचीचे नि रुंदीचे शास्त्र आहे.

हे शास्त्र युरोपात ज्यांनी मांडले त्यांपैकी एकाचे नाव इथे घ्यावे लागते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्या सल्ल्याच्या अर्धवट आठवणीतून झाला असावा, अशी आम्हांस शंका आहे. बेंजामिन थॉम्पसन ऊर्फ काउंट रमफर्ड याने १७९६ साली शेकोट्यांच्या धुराड्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. इंग्रजांच्या दिवाणखान्यांतून धूर उलटा खोलीत येई. रमफर्डने सांगितले, धुराड्याचा गळा आवळा, त्याची खोली चार इंचांवर आणा. लोकांनी तसे केले आणि धूर जाऊ लागला. याचे कारण असे की रुंद गळ्यातून खोलीतली थंड हवाही वर ओढली जाई आणि धुराड्यातला तप्त स्तंभ थंड होऊन त्याची ओढ मंदावे. गळा आवळल्याने थंड हवा बाहेर राहिली, स्तंभ तापलेला राहिला. पण हे आगीच्या धुराड्याला लागू. जिथे ओढ उष्णतेची नसून मोटारीची आहे, तिथे गळा आवळणे म्हणजे नुसती अडवणूक. 'भोक लहान म्हणजे वारा जोरात, आणि वारा जोरात म्हणजे धूर लवकर बाहेर' असे मिस्त्रीपासून शिकल्यासवरल्या गृहस्थापर्यंत अनेक जण आजही ठामपणे सांगतात. वाक्याचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे, उत्तरार्ध साफ चूक.

आपल्याकडे उंची गेली ती चाळींत. १९२०च्या दशकात मुंबईत वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोड इथे विकास खात्याच्या, म्हणजे आज बीडीडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाळी उभ्या राहिल्या. काँक्रीटची खोली, डोक्यावर दुसऱ्याची खोली, त्यावर तिसऱ्याची. छपराची फट नाहीशी झाली आणि तिच्या जागी स्लॅब आला. एका खोलीत निजणे, न्हाणे आणि शिजवणे. धुराने जायचे ते दाराने किंवा खिडकीने, म्हणजे शेजाऱ्याकडे. गावाकडे मात्र त्याच सुमारास नंतर धुराड्याचा विचार नव्याने सुरू झाला होता. वर्ध्याच्या मगनवाडीत, जिथे १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तिथली 'मगनचूल', आणि हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांची धुराडे असलेली चूल, हे त्यातले प्रसिद्ध प्रयत्न. राजूंनी १९५३ साली या विषयावर पुस्तिकाही लिहिली. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ साली आवरता घेतला गेला. त्याच १९८३ साली कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातेतील खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो याची मोजणी प्रसिद्ध केली आणि 'घरातला धूर' हा आरोग्यशास्त्राचा विषय झाला. या सर्व खटाटोपात आवाजाचा प्रश्न कोणालाच पडला नाही, कारण तो नव्हताच.

शहरात तो आला स्टोव्हबरोबर. हवेच्या दाबावर चालणारा पितळी स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने काढला. 'प्रायमस' हे त्याचे नाव आपल्या घरांत 'स्टो' या सामान्यनामाइतकेच रुळले. ज्यांनी तो ऐकला आहे त्यांना त्याची भर्र विसरता येणार नाही. आणि ज्यांनी त्याच घरात वातीचाही स्टोव्ह पाहिला आहे त्यांना एक गोष्ट आपोआप ठाऊक असते: तेल तेच, ज्योत तशीच, पण वातीचा स्टोव्ह मुका आणि पंपाचा स्टोव्ह गर्जणारा. फरक एवढाच की एकात बाष्प आपल्या गतीने वर येते आणि दुसऱ्यात ते सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून रेटले जाते. रेटलेली हवा ओरडते. पुढे चिमणीच्या बाबतीत आम्ही जे सांगणार आहोत ते सारे या पिनेच्या छिद्रात आहे.

१९५५ साली बर्मा शेल कंपनीने मुंबईत 'बर्शेन' नावाने सिलिंडरचा गॅस आणला. स्वयंपाकघर एकाएकी स्वच्छ आणि शांत झाले. लाकडाचा धूर गेला, कोळशाची राख गेली, स्टोव्हची भर्र गेली. मग धूर ओढणाऱ्या यंत्राची गरज का राहिली? याचे उत्तर फोडणीत आहे. हिंग, मोहरी, मिरची, तापलेले तेल यांचा जो ठसका उठतो तो जळणाचा धूर नसून अन्नाचा धूर आहे. त्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात, आणि बंद खोलीत ते भिंतीला नि फुप्फुसाला सारखेच चिकटतात. शिवाय गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात, ती तर दिसतही नाहीत. चुलीचा धूर दिवसभर मंद चाले. फोडणीचा दोन मिनिटांचा आणि तीव्र. तो जाण्यासाठी जागच्या जागी पुष्कळ हवा हलवावी लागते. उंचीची संथ ओढ इथे अपुरी पडली आणि पंख्याची वेळ आली.

पहिला आला तो खिडकीतला, चार-सहा पात्यांचा एक्झॉस्ट फॅन. इंग्लंडात जोसेफ एकेस्टर याने खिडकीत बसवण्याचा असा घरगुती पंखा १९३६ साली केला. आपल्या घरांत तो गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आला, आणि बहुधा नऊ किंवा बारा इंचांचा, मिनिटाला चौदाशेच्या आसपास फेरे घेणारा आला. हा पंखा भिंतीच्या आरपार भोकात असतो; त्याच्यापुढे नळी नसते. तोवर तो आपले काम बरे करतो. त्याच्या आवाजात दोन सूर वेगळे काढता येतात. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून मोटारीच्या लोखंडाची गुणगुण तिच्या दुप्पट, शंभर आवर्तनांची. दुसरा सूर पात्यांचा: सहा पाती आणि चौदाशे फेरे, म्हणजे सेकंदाला एकशे चाळीस वेळा पाते चौकटीसमोरून जाते. या दोन सुरांभोवती, त्यांना गिळून टाकणारी, अशी बेसूर 'सूं' असते ती फाटलेल्या हवेची. आवाजात मोटारीचा वाटा केवढा, हे ज्याला ऐकायचे असेल त्याने बटण बंद करावे. गुणगुण त्याच क्षणी थांबते. पाती फिरत राहतात तोवर जे ऐकू येते तो वारा.

नळी आली की पात्यांचा पंखा हतबल होतो. त्याला हवा ढकलता येते, दाब देता येत नाही. तिथे कामाला येते ते पिंजऱ्यासारखे चाक, ज्याच्या परिघावर पुढे वळलेल्या अनेक अरुंद पात्या असतात. ओट्यावरच्या बहुतेक चिमण्यांच्या पोटात हेच चाक आहे, आणि त्याचा जन्म चहाच्या मळ्याशी जोडलेला आहे. सॅम्युअल क्लेलंड डेव्हिडसन हा बेलफास्टकडचा तरुण १८६४ साली आसामच्या बाजूला कचार जिल्ह्यात चहाच्या मळ्यावर आला. तिथे चहाची पाने कोळशाच्या भट्ट्यांवर वाळवीत, आणि त्या धुराची चव चहाला लागे. डेव्हिडसनने धुराऐवजी गरम हवेने चहा वाळवण्याची यंत्रे काढली, १८८१ साली बेलफास्टला परत जाऊन 'सिरॉको' नावाने कारखाना घातला, आणि या यंत्रांतून हवा खेळवण्याच्या खटपटीतून १८९८ साली पुढे वळलेल्या पात्यांचे आपले चाक सिद्ध केले. सिरॉको हे आफ्रिकेकडून येणाऱ्या उष्ण वाऱ्याचे नाव. खाणी, जहाजे, गिरण्या, नाट्यगृहे यांतून हिंडत ते चाक आमच्या ओट्यावर आले. चहाला धूर लागू नये म्हणून जे निघाले ते सव्वाशे वर्षांनी चहा करणाऱ्या माणसाला धूर लागू नये म्हणून फिरते आहे. इतिहासाला विनोदबुद्धी आहे असे आम्ही सहसा म्हणत नाही. इथे म्हणावेसे वाटते.

डेव्हिडसनच्या चाकाचा गुण असा की तेवढ्याच आकारात आणि तेवढ्याच फेऱ्यांत ते जुन्या चाकांहून जास्त हवा देते. म्हणजे तेवढी हवा कमी फेऱ्यांत मिळते, आणि आवाजाच्या दृष्टीने फेरे कमी होणे हीच खरी मिळकत आहे. पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, दाब वर्गाच्या, लागणारी शक्ती घनाच्या, आणि आवाजाची शक्ती साधारणपणे पाचव्या घाताच्या प्रमाणात. फेरे निम्मे केले तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. दर दहा डेसिबलला कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे तो जेमतेम तिसऱ्या हिश्शावर येतो. म्हणून 'मोटार मोठी म्हणजे आवाज मोठा' ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. मोठी मोटार मोठे चाक सावकाश फिरवू शकते. लहान मोटारीला लहान चाक पिसाटासारखे फिरवावे लागते. अलीकडे ज्या ब्रशविरहित मोटारी आल्या आहेत त्यांनी वीज वाचते आणि ती शंभर आवर्तनांची गुणगुणही कमी होते. वाऱ्याच्या आवाजाला त्या हात लावू शकत नाहीत.

आता भोक. १९५२ साली मँचेस्टरच्या जेम्स लाइटहिल याने जेट विमानांच्या निमित्ताने वाऱ्याच्या आवाजाचे गणित मांडले. मोकळ्या झोताचा आवाज वेगाच्या आठव्या घाताने वाढतो असे त्यातून निघाले; १९५५ साली कर्ल याने दाखवले की झोताच्या वाटेत घन पृष्ठभाग असेल तर सावकाश वाऱ्यात सहाव्या घाताचा आवाज वरचढ ठरतो. आमच्या नळीत कोपर आहेत, जाळी आहे, झडप आहे. म्हणून आपल्याला सहावा घात. आता हिशेब करू. तासाला सहाशे घनमीटर हवा सहा इंची नळीतून न्यायची तर वाऱ्याचा वेग ताशी तेहेतीस किलोमीटरच्या आसपास पडतो. तीच हवा चार इंची नळीतून न्यायची तर ताशी चौऱ्याहत्तर. व्यास दीडपट लहान, वेग सव्वादोनपट. नळीच्या अंगाशी घासण्याने होणारा दाबाचा खर्च साडेसातपट. आणि नळीत नव्याने उत्पन्न होणारा आवाज पंधरा ते वीस डेसिबल चढा. दोन इंचांनी एवढे होते. त्यावर एखादा काटकोनी कोपर म्हणजे काही मीटर सरळ नळीची भर, आणि अ‍ॅल्युमिनियमची ती सुरकुतलेली नळी न ताणता दाबून बसवली असेल तर विचारायलाच नको.

प्रत्यक्षात अर्थात मोटारीला एवढी हवा चार इंचांतून रेटता येत नाही. हवा घटते. आणि इथे एक गंमत होते जी आम्हांस फार काळ कळली नव्हती. पुढे वळलेल्या पात्यांच्या चाकाची वाट अडवली की त्याच्यावरचा भार वाढत नाही, उतरतो. कारण उचलायला हवाच उरत नाही. भार उतरला की मोटार किंचित जास्त वेगाने फिरते आणि तिचा सूर चढतो. घर साफ करण्याच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर हात ठेवला की तो जसा किंचाळतो तसेच हे. ऐकणाऱ्याला वाटते, यंत्र जिवाच्या आकांताने धूर ओढते आहे. धूर मात्र ओट्यावरच घुटमळत असतो.

हे कळण्याचे निमित्त आमच्याच घरातले. आमच्या सदनिकेत स्वयंपाकघराच्या भिंतीत बांधणाऱ्याने चार इंची भोक ठेवले होते. चिमणी आली, तिचे तोंड सहा इंची. बसवणाऱ्याने मध्ये एक निमुळता तुकडा घातला, दोन कोपर दिले आणि तो गेला. आवाज असा, की हॉलमधून हाक मारली तर आत्यांना ऐकू येत नसे. तक्रार केल्यावर मिस्त्री आले, पाहून म्हणाले, "सर, मोटार कमी पडतेय. पुढचं मॉडेल घ्या." आमच्या आत्या ओट्यापाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मोटारीचं तुम्ही बघा बाबांनो. फोडणी घालताना मी ते बंदच करते. मोहरी ऐकू येत नाही मला."

या वाक्यावर आम्ही पुढे पुष्कळ दिवस विचार करीत होतो. स्वयंपाक हा आपण चवीचा, वासाचा, फार तर रंगाचा विषय मानतो. पण आपले पाकशास्त्र कानावर केवढे तरी उभे आहे. मोहरी तडतडली की हिंग, तडतड थांबायच्या आत पुढचे जिन्नस. भजी तेलात सोडल्यावरची चुरचुर मंदावली की ती काढायची. कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायच्या. आधणाचा सूर बदलला की तांदूळ वैरायचे. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१०च्या 'गृहिणी-मित्रा'पासून कमलाबाई ओगल्यांच्या १९७०च्या 'रुचिरा'पर्यंत पाकक्रियेची भाषा ज्या अनुभवावर उभी आहे त्यात हे ऐकणे गृहीतच आहे. घड्याळ नसलेल्या स्वयंपाकघरात कान हेच घड्याळ होते. आणि यंत्राची योजना अशी, की ज्या दोन मिनिटांत धूर सर्वांत जास्त आणि म्हणून वेग सर्वांत मोठा ठेवायचा, नेमकी त्याच दोन मिनिटांत कानाची गरजही सर्वांत मोठी. मोहरीची तडतड ही बारीक, वरच्या पट्टीतली. वाऱ्याची सूं तिच्यावर सहज पसरते. आत्या बटण बंद करीत त्यात यंत्राचा तिटकारा नव्हता. धूर आणि बहिरेपणा यांतून त्यांनी धूर निवडला होता.

भाषेच्या अभ्यासकांना यात आणखी एक धागा सापडेल. अशा 'सूं'खाली शब्दातले स्वर टिकतात, व्यंजने बुडतात. त्यातही स, श, त, थ, फ आधी. म्हणून पंखा चालू असताना माणसे नुसती मोठ्याने बोलत नाहीत, तर वाक्ये तोडून, एकेका शब्दाने बोलतात: "मीठ!" "काय?" "मीठ, मीठ!" गोंगाटात आपला आवाज नकळत चढतो हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार्ड याने १९११ साली नोंदवले होते. स्वयंपाकघरात पूर्वी आवाज नव्हता असे नाही. जात्याची घरघर काही कमी नव्हती. पण तिला लय होती, दर फेऱ्यात हात पुढे-मागे होई, आणि त्या लयीवर ओवी बसे. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या सगळ्या एका आवाजाच्या संगतीने जन्मलेल्या आहेत. मोटारीच्या सूंला लय नाही. तिच्यावर ओवी तर सोडाच, साधे गाऱ्हाणेही नीट बसत नाही.

मग हा आवाज कमी करण्याची चर्चा कधी सुरू झाली? आमचे निरीक्षण असे की जोवर स्वयंपाकघराला दार होते तोवर ती झाली नाही. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की हिने फ्रँकफुर्टच्या वसाहतींसाठी आखलेले सुमारे दोन मीटर बाय साडेतीन मीटरचे स्वयंपाकघर जगभरच्या सदनिकांचे मातृस्थान झाले. आपलेही ओटे त्याच वंशातले. त्या बंद कोठडीतला आवाज एकटीचा होता. पुढे भिंत पडली, 'ओपन किचन' आले, आणि फोडणीच्या वेळी हॉलमधल्या टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येईनाशा झाल्या. 'सायलेंट' चिमणीच्या जाहिरातींचा जोर आम्हांस त्यानंतरच जाणवला. कोणाच्या कानाला त्रास झाला म्हणजे त्याला त्रास म्हणायचे, हा प्रश्न इथे विचारण्याजोगा आहे.

अमेरिकेत या गोष्टीची मोजणी तरी झाली. बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी कॅलिफोर्नियातील घरांची पाहणी केली तेव्हा, चिमणी असूनही ती न लावण्याच्या कारणांत आवाज हे एक ठळक कारण निघाले. तिथल्या वायुवीजनाच्या मानकात आवाजाला मर्यादा आहे, आणि ती 'सोन' या एककात आहे. हे एकक १९३६ साली स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने सुचवले. त्यात आकडा दुप्पट म्हणजे कानाला आवाज दुप्पट, इतका सरळ व्यवहार. आपल्याकडच्या खोक्यांवर डेसिबल असतात, जे सामान्य ग्राहकाला काही सांगत नाहीत, आणि शेजारी तासाला हजार-बाराशे घनमीटरचा आकडा असतो. तो आकडा कोणत्या नळीला, किती कोपरांना धरून, हे खोक्यावर शोधून आम्ही थकलो. बिननळीच्या चिमण्यांविषयी न बोलणेच बरे. त्या तेल गाळतात आणि उरलेले खोलीलाच परत करतात.

उपाहारगृहांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. मोटार गच्चीवर, पत्र्याची चौकोनी रुंद नळी मागच्या गल्लीतून वर. मुदपाकखाना शांत. गच्चीखालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मग २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा आधार शोधायचा: निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल. उंची इथे परत आली, पण तिच्या टोकाशी मोटार बसूनच.

आमच्या घरी शेवटी मोटार बदलली नाही. गवंडी बोलावून भोक सहा इंची करवले, निमुळता तुकडा काढला, एक कोपर कमी केला, नळी ताणून सरळ बसवली. पूर्वी जे काम तिसऱ्या वेगावर होत नव्हते ते दुसऱ्यावर होऊ लागले. आत्या आता फोडणीच्या वेळी यंत्र पहिल्या वेगावर ठेवतात, मोहरी तडतडली की वाढवतात. दुरुस्तीचा खर्च नव्या चिमणीच्या किमतीपुढे किरकोळ होता. परवानगीसाठी सोसायटीच्या सभेत मात्र दोन महिने गेले, कारण भिंत बाहेरची, आणि इमारतीच्या दर्शनी रंगाला धक्का लागतो असे एका सभासदाचे म्हणणे पडले. असो.

मागच्या महिन्यात शेजारी नवी इमारत पुरी होत आली म्हणून नमुना सदनिका पाहण्यास गेलो होतो. इटालियन फरशी, ओट्याला दगड नाही, काहीतरी कृत्रिम आणि चकचकीत. ओट्याच्या वर, छताच्या खाली, चिमणीसाठी प्लास्टिकचे गोल झाकण लावलेले होते. विक्रीच्या तरुणीची परवानगी घेऊन आम्ही खिशातली टेप काढली आणि ते मोजले. चार इंच.